योजक होताना : कामाच्या ठिकाणचे वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत: हाताखालच्या किंवा सोबतच्या माणसांमधले वेगवेगळे गुण ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर कामाची मांडणी कशी करायची, म्हणजेच योग्य जागी योग्य माणूस नेमणारा योजक कसे व्हायचे. त्यांतली चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि त्यांच्या संस्थांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी चाकणमधील वाहनांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांच्या) विभागात नऊ वर्षे आधी ऑपरेटर आणि मग सेटर (कामानुसार यंत्र जुळवून देणारा) होतो. चार महिन्यांपूर्वी मला सुपरवायझर केले. माझ्या पाळीत चौदा जण आहेत. त्यांतले तिघे वयाने मोठे असून मी त्यांना काका म्हणतो. प्रत्येकाची ताकद ओळखून काम वाटा, असे व्यवस्थापकांनी मला सांगितले आहे. भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेला आहे, पण त्यात बहुतेकांची वर्तुळे सारखीच भरलेली आहेत. मशीन अडले की मीच जाऊन सेटिंग करतो, कारण ते लवकर होते. मग माणसे ओळखायला वेळ कधी काढायचा?

उत्तर : ज्या वाचकांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी स्किल मॅट्रिक्सविषयी सांगतो. हा एक तक्ता असतो. डाव्या बाजूला माणसांची नावे, वर मशीनची किंवा कामांची नावे आणि प्रत्येक चौकटीत चार भागांत विभागलेले एक वर्तुळ. साधारणपणे एक भाग भरलेला असेल तर माणूस शिकतो आहे, दोन भरले असतील तर देखरेखीखाली काम करतो, तीन म्हणजे स्वतंत्रपणे करतो आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे तो इतरांना शिकवू शकतो. हा तक्ता उपयोगाचा आहे. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी कोणाला उभे करायचे हे त्यावरून क्षणात कळते आणि ग्राहक कंपनीचे लोक तपासणीला आले की तो पाहतातही.

परंतु एखादा माणूस ते काम करू शकतो, एवढीच नोंद त्या तक्त्यात असते. तो कोणत्या कामात खुलतो, हे त्यातून कळत नाही. समजा, दोघांची वर्तुळे तीन भागांपर्यंत भरलेली आहेत. त्यांतल्या एकाला रोज तोच जॉब लावलेला चालतो, आणि पाळीतला शेवटचा नगही तो पहिल्या नगाइतक्याच काळजीने मोजतो. दुसरा तिसऱ्या दिवशी कंटाळतो, पण नवा जॉब लागला किंवा ड्रॉइंगमध्ये बदल आला की जेवणाची सुट्टीही विसरतो. कागदावर हे दोघे सारखेच आहेत. त्यांच्या जागांची अदलाबदल केली तर मात्र एकीकडे रिजेक्शन वाढेल, दुसरीकडे सेटिंगला वेळ लागेल आणि दोघांच्याही नावापुढे ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा पडेल.

हा फरक कळण्यासाठी माणसाला बोलावून ‘तुमची ताकद कोणती?’ असे विचारण्याचा विशेष उपयोग होत नाही. आपल्याकडे स्वतःच्या गुणांविषयी बोलणे म्हणजे बढाई मारणे असे अनेकांना, विशेषतः जुन्या कारागिरांना, मनापासून वाटते. शिवाय जे काम आपल्याला सोपे जाते ते सगळ्यांनाच सोपे जात असणार, असे समजण्याची चूक आपण सगळेच करतो, आणि त्यामुळे ज्याचा गुण त्यालाच तो दिसत नाही. गुण कामात दिसतो, म्हणून काम पाहावे लागते. पाळी बदलताना कोणी दिलेला निरोप पुढचा ऑपरेटर पुन्हा न तपासता मान्य करतो? माप मर्यादेबाहेर जाण्याच्या आधीच कोणाला शंका येते? काही जणांना इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, झिजल्याचे मशीनच्या आवाजावरून कळते, आणि ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते. मशीनवर अलार्म आला की नवी मुले तुमच्याकडे येण्याआधी कोणाच्या तोंडाकडे पाहतात? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण न सांगता लोक ज्याच्याकडे मदतीला जातात त्याची निवड त्यांनी अनुभवाने केलेली असते.

खिशात छोटी वही ठेवा आणि जे पाहाल ते त्याच दिवशी लिहा. मात्र विशेषणे लिहू नका. ‘हुशार’, ‘आळशी’, ‘चांगला मुलगा’ अशा शब्दांनी आपण माणसावर शिक्का मारून मोकळे होतो. त्याऐवजी ‘मंगळवारी बोअरचे (छिद्राचे) माप सरकू लागले आहे हे काकांनी चौथ्या नगालाच ओळखले आणि टूल ऑफसेट (हत्याराच्या स्थितीची दुरुस्ती) बदलला’ असे घडले तसे लिहा. महिनाभराने ही वही सलग वाचली तर काही गोष्टी आपोआप नजरेत भरतील. मग त्या माणसाजवळ जाऊन विचारा, ‘काका, त्या दिवशी तुम्हाला ते कसे कळले?’ जी माणसे स्वतःची ताकद सांगायला संकोचतात तीच माणसे या प्रश्नावर अर्धा तास बोलतात, हा माझा अनुभव आहे.

निरीक्षणावर मी इतका भर देतो, त्याला माझ्या हातून झालेली एक चूक कारण आहे. मी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात असताना तेथे एक स्टोअरकीपर होते. हजारो सुट्या भागांपैकी कोणता भाग कोणत्या रॅकवर, कितव्या खणात आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांची स्मरणशक्ती असामान्य आहे, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि भांडाराची नोंद संगणकावर आणण्याचे काम मोठ्या विश्वासाने त्यांच्याकडे सोपवले. सहा महिन्यांत ते गृहस्थ कोमेजून गेले, नोंदींमध्ये चुका होऊ लागल्या आणि आम्ही त्यांना दोष दिला. पुढे ते मला म्हणाले, ‘साहेब, मला काही पाठ नव्हतं. कोणी अडचण घेऊन यायचं, मी त्याच्याबरोबर रॅकपर्यंत चालत जायचो, आणि चालताना आठवायचं.’ त्यांचा गुण होता समोरच्याची अडचण ओळखून नेमकी वस्तू शोधून देण्याचा. माणसे आणि रॅक या दोन्हींपासून तोडून आम्ही त्यांना पडद्यासमोर बसवले होते. मी त्यांना काम करताना चार दिवस नीट पाहिले असते तर ते वर्ष वाया गेले नसते.

आता तुमच्या स्वतःच्या सेटिंगविषयी. तुम्ही उत्तम सेटर आहात म्हणून तुम्हाला सुपरवायझर केले, परंतु सुपरवायझरला लागणारा गुण वेगळा असतो. अमेरिकेतील विक्री कर्मचाऱ्यांविषयीचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची स्वतःची विक्री सर्वांत जास्त त्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, पण व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्याच हाताखालची माणसे तुलनेने मागे पडत होती, असे त्यात आढळले. चांगल्या कारागिराला बढती देऊच नये, असा अर्थ मी त्यातून काढत नाही. मात्र तुम्ही जेव्हा जेव्हा धावत जाऊन ऑफसेट देता, तेव्हा तेव्हा हे काम आणखी कोणाला येते हे पाहण्याची संधी तुमच्या हातून जाते. तुम्हाला आठ मिनिटे लागतात तेथे दुसऱ्याला वीस लागू द्या. धोक्याचा प्रसंग असेल किंवा माल न्यायला गाडी दारात उभी असेल तर अवश्य पुढे व्हा; एरवी शेजारी हात मागे बांधून उभे राहा आणि पाहा. वेळ कधी काढायचा, याचे उत्तर याच बारा मिनिटांत आहे.

काकांना काकाच म्हणत राहा, अधिकार संबोधन बदलल्याने येत नाही. त्या तिघांपैकी ज्यांचे वर्तुळ पूर्ण भरलेले आहे त्यांच्याकडे दोन नवी मुले शिकण्यासाठी द्या आणि तेवढ्या काळासाठी त्यांच्या उत्पादनाचे लक्ष्य कमी करून घ्या. लक्ष्य तेवढेच ठेवून वर शिकवायला सांगितले, तर शिकवण्याचा गुण असलेला माणूसही शिकवायला नाखूश होतो.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. आमचे एक सहकारी काउंटरवर इतके आपुलकीने बोलतात की ठेवीदार त्यांनाच विचारत येतात, पण दिवसअखेर रोकड जुळवताना त्यांच्याकडून वारंवार चुका होतात. दुसऱ्या एक ताई हिशेबात अत्यंत अचूक आहेत, पण लोकांशी बोलणे त्यांना नकोसे वाटते. म्हणून चार वर्षांपासून मी एकाला कायम काउंटर आणि दुसरीला कायम आतले हिशेब दिले आहेत. आता लेखापरीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे. गुणानुसार काम देणे चुकीचे आहे काय?

उत्तर : गुणानुसार काम देणे चुकीचे नाही, पण लेखापरीक्षकांचा आक्षेप योग्य आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पैशाच्या व्यवहारात कामाची मांडणी अशी असावी लागते की कोणाच्याही प्रामाणिकपणावर सगळा भार पडू नये. संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितले, ते याच कारणासाठी. त्या दहा दिवसांत दुसरा माणूस त्या खुर्चीवर बसतो आणि काही दडलेले असेल तर वर येते. पतसंस्थांवर देखरेख सहकार खात्याची असते, पण या नियमामागचा विचार तुमच्या शाखेलाही तितकाच लागू आहे. चोरी किंवा अफरातफर बाजूला ठेवली तरी, उद्या तुमचे काउंटरवरचे सहकारी महिनाभर आजारी पडले तर ठेवीदार कोणाकडे जातील? त्यांचा विश्वास संस्थेवर बसण्याऐवजी एका चेहऱ्यावर बसला आहे, आणि ही व्यवस्था चार वर्षे तुम्हीच पक्की करत आणली आहे.

माझी सूचना अशी आहे. मुख्य जबाबदाऱ्या आहेत तशाच ठेवा, कारण त्या योग्य माणसांकडे आहेत. परंतु वर्षातून दोन वेळा, दोन-दोन आठवडे, जागांची अदलाबदल करा आणि रोजच्या रोकडीची पडताळणी नेहमी दुसऱ्या व्यक्तीच्या सहीने व्हावी असा नियम करा. अदलाबदल जाहीर करताना दोघांना एकत्र बसवून कारण स्पष्ट सांगा; तसे न केल्यास आपल्यावर संशय घेतला जात आहे असे त्यांना वाटेल, आणि सरळ माणसाला ते फार लागते.

रोकड जुळवण्याच्या चुकांकडे मात्र ‘तो त्यांचा प्रांत नाही’ म्हणून दुर्लक्ष करू नका. काउंटरवरच्या माणसाचे अक्षर सुंदर नसले तरी चालते, पण रोकड जुळलीच पाहिजे. जी उणीव कामाच्या आड येत नाही ती सोडून द्यावी. जी आड येते ती निदान पुरेशा पातळीपर्यंत भरून काढावीच लागते. त्यांना हिशेबात पारंगत करण्याची गरज नाही. दुपारी एक वाजता एकदा आणि संध्याकाळी एकदा अशी दोन वेळा मोजणी करायला लावा, म्हणजे चूक शोधायला निम्म्याच पावत्या उलगडाव्या लागतील. नोटांच्या मूल्यानुसार मोजदादीची चिठ्ठी प्रत्येक मोठ्या व्यवहाराला भरू द्या. ताईंनाही बोलके करण्याच्या मागे लागू नका. मुदतपूर्व ठेव मोडली तर नेमके किती व्याज मिळेल, हे शांतपणे आकडे मांडून सांगणारी व्यक्ती हवी असलेले ठेवीदारही असतातच, आणि त्या दोन आठवड्यांत ते ताईंना सापडतील.

प्रश्न : आमच्या नागपूरच्या कार्यालयात सर्वांची ऑनलाइन चाचणी घेऊन प्रत्येकाचे पाच प्रमुख गुण काढले आणि त्यांच्या पाट्या टेबलांवर लावल्या. अशा चाचण्यांवर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेली चाचणी बहुधा गॅलप या अमेरिकी संस्थेची असावी. डोनाल्ड क्लिफ्टन या मानसशास्त्रज्ञाच्या कामावर ती आधारलेली आहे, तिच्यात ३४ गुणप्रकार मानले आहेत आणि त्यांतले पहिले पाच माणसाला सांगितले जातात. चारित्र्यगुणांची २४ नावे असलेली दुसरीही एक चाचणी प्रचलित आहे. या चाचण्यांमध्ये माणूस स्वतःविषयी जे सांगतो तेच नीट मांडून त्याला परत मिळते. ज्यांना स्वतःविषयी बोलायला शब्दच सापडत नाहीत त्यांना शब्द मिळतात, हा त्यांचा खरा लाभ आहे आणि मी तो कमी लेखत नाही.

पाट्या मात्र काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. टेबलावर पाटी लागली की इतर लोक त्या माणसाला त्याच प्रकारचे काम देऊ लागतात, आणि काही काळाने तोही ‘ते माझ्या पाचांत नाही’ असे म्हणू लागतो. त्याऐवजी प्रत्येकाला पाचांपैकी एकच गुण निवडायला सांगा आणि तो गेल्या वर्षभरात कोणत्या कामात दिसला, तो प्रसंग मराठीत सांगायला सांगा. प्रसंग आठवत नसेल तर ते नाव तूर्त बाजूला ठेवा.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षे आहे. ‘तुला माणसे छान सांभाळता येतात’ असे सगळे म्हणतात. त्यामुळे नव्या मुलांना रुळवणे, बैठकांचे इतिवृत्त लिहिणे, भांडणे मिटवणे, निरोप समारंभ आखणे ही सगळी कामे माझ्याकडे येतात आणि मी ती मनापासून करते. परंतु माझ्यानंतर आलेले दोन सहकारी ग्राहकांच्या प्रकल्पांवर काम करून माझ्या वर गेले. माझी ताकदच मला मागे खेचते आहे काय?

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मी अनेकदा वाचले, कारण गुण ओळखण्याविषयी इतके लिहिले जात असताना या बाजूकडे कोणी फारसे पाहत नाही. एखाद्याचा गुण ओळखून त्याला काम देणे आणि त्या गुणाचा फुकट वापर करणे यांत फरक आहे. पहिल्यात त्या कामाची नोंद होते, त्यासाठी वेळ राखून ठेवला जातो आणि बढतीच्या वेळी ते मोजले जाते. तुमच्या बाबतीत दुसरे घडते आहे.

हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. लिंडा बॅबकॉक, लिसे व्हेस्टरलुंड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की, जी कामे कोणीतरी करायलाच हवीत पण केल्याने बढतीला मदत होत नाही, त्यांसाठी स्त्रियांना अधिक वेळा विचारले जाते आणि त्या अधिक वेळा होकारही देतात. त्यांच्या प्रयोगातील एक बाब मला फार बोलकी वाटली: गटात केवळ पुरुष असतील तर तेच काम करायला पुरुषही पुढे येतात. म्हणजे त्यात स्त्रीचा उपजत सेवाभाव दिसत नाही. कोण पुढे येईल याविषयीची सगळ्यांची अपेक्षा दिसते. इतिवृत्त लिहिणे आणि समारंभ आखणे यांचा माणसे सांभाळण्याशी तसा काही संबंधही नाही. ही कामे पाळीपाळीने व्हावीत, असा प्रस्ताव तुम्ही पुढच्याच बैठकीत मांडा आणि पहिली पाळी दुसऱ्या कोणाची असू द्या.

नव्या मुलांना रुळवणे आणि भांडणे मिटवणे हा मात्र तुमचा खरा गुण आहे आणि तो सोडू नये. त्याची जागा बदलायला हवी. ग्राहक नाराज आहे, आपले लोक थकले आहेत आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांचे ऐकून घेत नाहीत, असा अडलेला प्रकल्प प्रत्येक कंपनीत असतो. तेथे नेमका हाच गुण लागतो, आणि तेथे तो सगळ्यांना दिसतो.

ही जागा तुम्हाला कोणी आपणहून देईल अशी वाट पाहू नका. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्याच्या सकाळी नवज्योतसिंग सिद्धूंची मान आखडली. तोपर्यंत मधल्या फळीत खेळणाऱ्या सचिन तेंडुलकरने कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे सलामीला जाण्याची एक संधी मागितली. आपण अपयशी ठरलो तर पुन्हा मागायला येणार नाही, असे आपण म्हटल्याचे त्याने पुढे सांगितले आहे. त्या दिवशी त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या आणि त्याची जागा बदलली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ७९व्या सामन्यात, त्याचे पहिले एकदिवसीय शतक झाले. फलंदाज तोच होता. जागा बदलल्यावर त्याचे मोल वाढले. कसोटी सामन्यांत मात्र तो चौथ्या क्रमांकावरच खेळत राहिला, कारण तेथे संघाला त्याची गरज त्याच जागी होती. वाडेकर आणि अझरुद्दीन यांनी त्या सकाळी होकार दिला, हे योजकाचे काम. आपल्याकडे ‘योजकस्तत्र दुर्लभः’ असे म्हणतात, आणि योजक दुर्लभ असतात म्हणूनच कधीकधी आपली योजना आपणच त्यांच्यापुढे ठेवावी लागते.

तुमची मागणी तितकीच नेमकी असू द्या. ‘मला मोठी जबाबदारी द्या’ असे मोघम म्हणू नका. प्रकल्पाचे नाव घ्या, तीन महिन्यांची मुदत मागा, त्या काळात ग्राहकाच्या तक्रारी किती कमी झाल्यास ते यश मानायचे हे आधीच ठरवून घ्या आणि त्या तीन महिन्यांसाठी नव्या मुलांची जबाबदारी कोणाकडे द्यावी, त्या व्यक्तीचे नावही सुचवा. ते नाव तुमच्याकडे तयार असणारच, कारण ती मुले तुम्ही घडवली आहेत आणि त्यांतले कोण शिकवण्यात रमते, हे तुमच्याइतके त्या कंपनीत दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. हे सर्व ईमेलवर लिहून पाठवा आणि मगच भेटीची वेळ मागा.